फलटणपासून पुढे

माझी वारी फलटणला तुटली होती, म्हणून मी ती फलटणपासूनच पुढे धरली. दिंडीतल्या बऱ्याच जणींना हे पटलं नाही. "माऊली, वारी आळंदीपासून करायची असते. हे मध्येच काय?" मी म्हटलं, दिवेघाट मी चढलेय. जेजुरीत भंडारा अंगावर घेतलाय. नीरेत पादुकांचं स्नान बघितलंय, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगणही. तेवढं माझ्या खात्यात जमा आहे. राहिलंय ते पुढचं. जन्मभर गणित शिकवलेल्या बाईशी वाद घालून उपयोग नाही, हे त्यांना लवकरच कळलं.

ते साल 1987. मी कॉलेजात होते आणि आत्याच्या मागे लागून माऊलींच्या पालखीबरोबर निघाले होते. फलटणच्या विमानतळाच्या मैदानावर पालखीचा तळ पडला, आम्ही भाकरीला बसलो, तेवढ्यात अण्णा राजदूतवरून हजर. मला बघायला पाहुणे येणार होते. आत्या म्हणाली, "अरे दादा, पोरगी पंढरपूर करून येईल, पाहुणे काय पळून चाललेत?" अण्णा म्हणाले, चांगलं स्थळ वाट बघत नाही. मी राजदूतवर मागे बसले. ते चांगलं स्थळ पुढे पत्रिकेवरून फिसकटलं.

नंतर लग्न झालं ते दुसरीकडे, आणि नोकरी लागली शाळेत. शाळा जूनमध्ये उघडते आणि पालखीही त्याच सुमाराला निघते. ऐन प्रवेशाच्या आणि पुस्तकवाटपाच्या दिवसांत बाईंना वारीची रजा कोण देतो? आत्या मात्र गुडघे चालले तोवर जात राहिली. बुक्का आणि लाह्यांचा प्रसाद पाठवायची. दरवर्षी निरोप एकच, "तुझी जागा आहे." निवृत्त झाल्यावर त्याच दिंडीची भिशी, म्हणजे वाटेतल्या खर्चाची वर्गणी, भरली. आता दिंडी जुन्या महाराजांचे चिरंजीव चालवतात. आत्याचं नाव सांगितल्यावर त्यांनी पुढचं काही विचारलं नाही.

फलटणहून बरड, तिथून नातेपुते. जुना रस्ता मला आठवत होता तो अरुंद, दोन्ही बाजूंना झाडं असलेला. आता चौपदरी पालखी मार्ग झालाय. रथाला, ट्रकना, टँकरना सोय झाली हे खरं, पण उन्हं वर आली की काँक्रीट खालून भाजून काढतं आणि विसाव्याला सावली शोधावी लागते. जाणत्या बायका रस्ता सोडून कडेच्या मातीतून चालतात. मीही दुसऱ्या दिवशी तेच केलं, गुडघ्यांनी लगेच आभार मानले.

बदल म्हटला की लोक रस्त्याचं बोलतात, मला विचाराल तर खरा बदल शौचालयांचा. तेव्हा आम्ही बायका रात्री दोन-अडीचला उठायचो, भजनासाठी नव्हे. पुरुष जागे व्हायच्या आत, टॉर्च न लावता, शेताच्या बांधामागे जायचं. एकीनं उभं राहायचं, बाकीच्यांनी उरकायचं. टँकरपाशी चौघींनी लुगडी धरायची आणि आत एकीनं आंघोळ करायची. आता तळावर फिरत्या शौचालयांच्या रांगा असतात. स्वच्छ असतातच असं नाही, पण चारला उठलं तरी चालतं. वारीवर इतकं लिहिलं जातं, पण पोटभर पाणी प्यायला न धजणाऱ्या बायकांविषयी फार कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही.

सदाशिवनगरला गोल रिंगण झालं. आधी पताका धावल्या, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, हंडेवाल्या, विणेकरी, आणि शेवटी अश्व. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कुणी नाही, तो माऊलींचा. तो समोरून गेला आणि लोक टापांखालची माती उचलायला तुटून पडले. मी कपाळाला लावली, पण खरं सांगते, त्या रेटारेटीत माझं निम्मं लक्ष चष्म्याकडे होतं.

मला रिंगणापेक्षा समाज आरती आवडली. संध्याकाळी पालखी तळावर येते, दिंड्या भोवती गोलाकार उभ्या राहतात. शेकडो टाळ वाजत असतात. मग चोपदार दंड उंच करतात आणि लांबलचक "होऽऽ" देतात. टाळ जिथल्या तिथे थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिनेच तेवढे टाळ वाजवत ठेवायचे. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, तोड काढतात. पाणी कमी पडलं, रांगेत कुणी घुसलं, असलं काहीबाही. मग सापडलेल्या वस्तू पुकारतात. माळशिरसला एक पाकीट, एक मोबाईल आणि एक कवळी पुकारली. कवळी आमच्या दिंडीतल्या आजींची. त्यांनी दुपारपासून तोंडावरचा पदर काढला नव्हता. वर्ग शांत करायला मी आयुष्यभर पट्टी आपटली. ही युक्ती आधी बघितली असती तर बरं झालं असतं.

वेळापूरच्या अलीकडे धावा होतो. तुकोबारायांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा. उतार लागला तशी अख्खी दिंडी सुटली. मला गुडघ्यांमुळे पळता येईना, तर कवळीवाल्या आजींनी माझा दंड धरला आणि जवळजवळ फरफटत खाली नेलं. वय विचारलं तर म्हणाल्या, "कुणाला ठाऊक?"

पुढे तोंडले-बोंडलेला सोपानकाकांची पालखी भेटली. वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र आल्या आणि माणसांचा हिशेबच संपला. पंढरपुरात पददर्शनाची रांग बघून मी तो नाद सोडला. चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरीला हात, कळसाला नमस्कार. आत्यानेही बहुतेक वर्षी एवढंच केलेलं.

माझ्या हिशेबाने वारी पूर्ण झाली होती. द्वादशीला राहुटीत मी पिशवी भरत होते, तर विणेकरी बाबा म्हणाले, "बाई, कुठं निघालात? पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की पादुका परत निघतात. पायीच. आळंदीपर्यंत." परतवारीला माणसं मोजकी असतात, टप्पे लांबलचक, येताना जितके दिवस लागले त्याच्या निम्म्यात वाट संपवतात. हे मला ऐकून माहीत होतं. माझ्या गणितात मात्र ते कधी धरलंच नव्हतं.

घरी फोन केला. हे म्हणाले, "स्टँडवर कितीला येऊ?"

म्हटलं, "ठरलं नाही अजून. दुधाचा रतीब सध्या अर्धा लिटरच राहू दे."