क्राऊस थांबला, नंबर राहिले

नाण्याची कुठलीही जाहिरात बघा, फेसबुकच्या ग्रुपवरची असो की मुंबईतल्या लिलावाची, वर्णनाच्या शेवटी एक नंबर असतोच. केएम ४७३. केएम ५२४. नव्याने संग्रह करणाऱ्या मुलांना मी विचारते, हे केएम कुठून आलं? बहुतेकांना वाटतं, टांकसाळीने दिलेला सरकारी क्रमांक असावा. तो आहे एका पुस्तकाचा क्रमांक, आणि ते पुस्तक आता निघत नाही.

क्राऊस आणि मिश्लर ही त्यामागची माणसं, क्राऊसचा 'के' आणि मिश्लरचा 'एम'. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात आयोला नावाचं अगदी छोटं गाव आहे. तिथून चेस्टर क्राऊस यांनी १९५२ मध्ये नाण्यांवरचं नियतकालिक सुरू केलं. क्लिफर्ड मिश्लर त्यांना येऊन मिळाले आणि १९७२ मध्ये 'स्टँडर्ड कॅटलॉग ऑफ वर्ल्ड कॉइन्स'ची पहिली आवृत्ती निघाली. जगातल्या प्रत्येक देशाचं प्रत्येक नाणं, त्याचं चित्र, धातू, वजन, कुठल्या साली किती पाडली आणि कुठल्या अवस्थेत त्याची काय किंमत. पुढे एकाच खंडात हे मावेना, म्हणून शतकागणिक वेगळे खंड झाले. एकट्या विसाव्या शतकाचा खंड दोन हजार पानांच्या वर. वर्तमानपत्रासारखा पातळ कागद आणि भिंग घेतल्याशिवाय न वाचता येणारी अक्षरं. आम्ही त्याला नुसतं 'क्राऊस' म्हणायचो.

मी सांगलीत एका बँकेत कॅश काउंटरवर होते. गिऱ्हाइकं जुनी चिल्लर आणून टाकत, त्यात कधी चवली, कधी भोकाचा पैसा निघे. तिथून हे वेड लागलं. पण नाणं हातात येणं वेगळं आणि ते काय आहे हे कळणं वेगळं. कळायचं तर क्राऊस लागे, आणि क्राऊसची किंमत डॉलरमध्ये. आमच्या संग्राहकांच्या गटात एका डॉक्टरांचा भाऊ अमेरिकेहून दर दोन-तीन वर्षांनी नवी आवृत्ती आणी. मग डॉक्टरांची जुनी आवृत्ती एका वकिलांकडे जाई, वकिलांकडची त्याहून जुनी आमच्याकडे. शाळेची पुस्तकं थोरल्याकडून धाकट्याकडे येतात तशी. किमती जुन्या झालेल्या असत, पण नाणी थोडीच बदलणार होती? ज्यांना तीही मिळत नसे ते 'इंडिया'ची पानं झेरॉक्स करून स्पायरल बाइंडिंग करून घेत.

आता मुद्द्याचं सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही म्हातारी माणसं कागदाच्या वासासाठी हळहळतो. मी हळहळते ती त्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांसाठी.

सुरुवातीला एक तक्ता असे. जगातल्या लिप्यांमधले अंक, शून्य ते नऊ, ओळीने मांडलेले. देवनागरी, गुजराती, फारसी, ब्रह्मदेशी, तिबेटी. दुसरा तक्ता हिजरी सनाचा, प्रत्येक वर्षापुढे इसवी सन. ज्याला फारसीचं एक अक्षर येत नाही असा माणूस हे दोन तक्ते समोर ठेवून निजामाच्या रुपयावरचं साल वाचू शकत असे. उघड्या कोनासारखा दिसतो तो सात, तोच उलटा केला की आठ, झाडाच्या पानाच्या आकाराचा तो पाच. समजा साल निघालं १३३०. त्यात ६२२ मिळवले तर १९५२ येतं, आणि ते साफ चूक. हिजरी वर्ष चांद्र, आपल्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे शतकानुशतकांत फरक वाढत जातो. तक्त्यात १३३० पुढे १९११-१२ दिसतं. तक्ता का हवा, हेही त्या एका नाण्यातूनच समजतं.

कच्छ संस्थानाच्या कोरी या नाण्यावर तर दोन्ही गोष्टी एकत्र मिळत. एका बाजूला फारसी लिपीत ब्रिटिश बादशहाचं नाव आणि इसवी सन, दुसऱ्या बाजूला देवनागरीत महाराव खेंगारजींचं नाव आणि विक्रम संवत. विक्रम संवतातून ५६ किंवा ५७ वजा केले की इसवी सन. तो हिशेब जमू लागल्यावर पानं उलटताना एके ठिकाणी नजर थांबते: इसवी १९३६, संवत १९९२ आणि १९९३, बादशहा आठवा एडवर्ड. वर्षभरसुद्धा गादीवर न टिकलेला हा राजा. त्याच्या नावाचा रुपया ब्रिटिश हिंदुस्थानात कधी चलनात आला नाही, पण कच्छ आणि जोधपूर संस्थानांनी त्याच्या नावाची नाणी पाडली. मी हे शोधायला गेले नव्हते. मला एडवर्डबद्दल काही विचारायचंच नव्हतं. मी पाचव्या जॉर्जची कोरी ताडून बघत होते आणि तो त्याच पानावर खाली उभा होता.

आज नाण्याचा फोटो काढून फोनला विचारता येतं. यंत्रावर पाडलेलं, चेहरा असलेलं नाणं तो पटकन सांगतो. सर्चच्या चौकटीत नाव टाकलं की नाणं हजर. पण ज्याला नावच माहीत नाही त्याने त्या चौकटीत काय टाकायचं? छापील कॅटलॉग नाव न विचारता आत घेत असे.

शिवराईचं बघा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. पण ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे एका नाण्यावर 'जा'चा काना आणि 'शि'ची वेलांटी एवढंच उरतं, दुसऱ्यावर 'पति'चा अर्धा भाग. फोन इथे काहीही सांगतो. इथे एकामागून एक ठसे डोळ्यांखालून घालावे लागतात, बिंदू कुठे, रेघ कुठे हे ताडावं लागतं. मराठ्यांच्या नाण्यांसाठी माझा आधार क्राऊस नाही, महेश्वरी आणि विगिन्स यांचा १९८९ चा 'मराठा मिंट्स अँड कॉइनेज' हा ग्रंथ, नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेने काढलेला. ज्यांनी अंजनेरीचं संग्रहालय बघितलं नाही त्यांनी त्र्यंबकला जाताना वाट वाकडी करून बघावं.

संकेतस्थळांना मी नावं ठेवत नाही. न्युमिस्टा हे सभासदांनीच भरलेलं, फुकट वापरता येणारं संकेतस्थळ मी रोज उघडते. तिथे रंगीत, स्वच्छ फोटो आहेत. क्राऊसमध्ये संस्थानांच्या हाताने पाडलेल्या तांब्याच्या नाण्यांची चित्रं म्हणजे नुसते काळे डाग असत. छापलेली चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत, कधी त्याही पुढे तशीच राही, न्युमिस्टावर ती कळवली की दुरुस्त होते. क्राऊसमधल्या किमती धरून व्यापारी डॉलरला रुपयाने गुणत आणि इथे पोत्याने मिळणाऱ्या नाण्याचे भलते पैसे सांगत. ते गेलं हे बरंच झालं.

पण दुरुस्ती झाली की आधीचा मजकूर वाचकासमोरून जातो. माझ्या कपाटात क्राऊसच्या वेगवेगळ्या वर्षांच्या फाटक्या आवृत्त्या आहेत. १९३९ चा रुपया घ्या, दुर्मीळ म्हणून प्रसिद्ध. तो कुठल्या साली किती दुर्मीळ समजला जात होता, हे मी त्या आवृत्त्या शेजारी ठेवून सांगू शकते. पडद्यावर फक्त आजचं मत दिसतं. शिवाय वकिलांनी समासात पेन्सिलीने केलेल्या नोंदी आहेत: हे नाणं मिरजेच्या बाजारात बघितलं, हे बनावट फिरतंय, सावध. त्या नोंदी मी पुसल्या नाहीत आणि कुणाला पुसू दिल्या नाहीत.

क्राऊसची कंपनी २००२ मध्ये एफ प्लस डब्ल्यू या प्रकाशनाने घेतली. छंदांची पुस्तकं-मासिकं काढणारं मोठं घर ते. लोकांनी छापील मासिकांची वर्गणी भरणं सोडलं, जाहिराती इंटरनेटवर गेल्या, आणि मार्च २०१९ मध्ये ते दिवाळखोरीत निघालं. पुस्तकांचा भाग पेंग्विन रँडम हाऊसकडे गेला, आणि नाण्यांच्या कॅटलॉगची वर्षामागून वर्ष येणारी मालिका तुटली. चेस्टर क्राऊस त्याआधीच, २०१६ मध्ये गेले होते.

नंबर मात्र चालूच आहेत. बडोद्याच्या, हैदराबादच्या नाण्यांपुढे केएमऐवजी नुसता वाय दिसतो, तो क्राऊसच्याही आधीच्या योमन यांच्या कॅटलॉगचा. क्राऊस-मिश्लर यांनी तो मोडला नाही, तसाच पुढे चालवला. क्रेग या आणखी एका कॅटलॉगकाराच्या नंबरांचा सीसुद्धा. आधी काम केलेल्या माणसाचा नंबर पुसायचा नाही, ही त्या लोकांची रीत मला फार मोठी वाटते. न्युमिस्टाने स्वतःचे नंबर सुरू केले आहेत, पण केएमही शेजारी दिलेला असतो.

आणि त्या नंबरांत अख्खी गोष्ट असते. १९११ च्या रुपयाला केएम ५२३, १९१२ पासूनच्या रुपयाला ५२४. दोन्ही पाचव्या जॉर्जचे. मग वेगळे का? १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा उमटला की लोकांना ते डुक्कर वाटलं, ओरड झाली, ठसा बदलावा लागला. छापील पानावर हे दोन रुपये एकाखाली एक होते, म्हणून वाचणारा आपणहून विचारायचा की यांत फरक काय. मुलांना मी अजून ते पान उघडूनच दाखवते. भिंग देते आणि हत्ती शोधायला सांगते, उत्तर सांगत नाही.

एक विनंती. घरातल्या कुणा आजोबांच्या, काकांच्या संग्रहाबरोबर असे जाड कॅटलॉग आले असतील तर नाणी ठेवून पुस्तकं रद्दीत घालू नका. रद्दीवाला वजनावर घेईल आणि समासातल्या नोंदी त्याबरोबर जातील. गावातल्या एखाद्या संग्राहकाला द्या, वाचनालयाला विचारा. क्राऊसनेच १९८१ मध्ये फक्त दक्षिण आशियाच्या नाण्यांचा आणि नोटांचा एक खंड काढला होता, १५५६ पासून पुढचा. माझ्याकडे त्याच्या झेरॉक्स पानांचा गठ्ठा आहे, आणि त्यातली संस्थानांची काही पानं गायब आहेत. कुणाकडे मूळ प्रत असेल तर मला फक्त तेवढी पानं उतरवून घ्यायची आहेत. पुस्तक मी परत देईन.