बँजोच्या पहिल्या तारेवरचा रिषभ

जपानच्या ओकिनावा बेटावरील कोझा भागात मी ध्वनिमुद्रक म्हणून काम करतो. १९४५ च्या युद्धानंतर ही वस्ती अमेरिकेच्या कदेना हवाई तळाच्या दाराशी वाढली. १५ मे १९७२ पर्यंत हे बेट अमेरिकेच्या प्रशासनाखाली होते आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात इथल्या बारमध्ये स्थानिक तरुण सैनिकांसमोर रॉक वाजवत. साहजिकच, ओकिनावाचे लोकसंगीत आणि अमेरिकेचे मातीतले संगीत एकत्र आणण्याचे प्रयत्न इथे जुने आहेत. ओकिनावाचे गायक शोकिची किना यांच्या १९८० च्या ध्वनिमुद्रणात अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांनी गिटार वाजवली, आणि पुढे दुसरे अमेरिकी गिटारवादक बॉब ब्रोझमन यांनी ताकेतोमी बेटावर ओकिनावाचे ताकाशी हिरायासु यांच्या साथीला स्लाइड गिटार धरली. तरीही माझ्या टेबलावर येणाऱ्या अशा बहुतेक मिश्रणांत ओकिनावाचे गाणे अमेरिकी कॉर्डच्या, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या, चौकटीत नुसते बसवलेले असते, आणि ते ऐकताना मला वाईट वाटते. म्हणूनच एका दुपारचे काम मला सविस्तर लिहावेसे वाटते.

गाणाऱ्या बाई ऐंशी ओलांडलेल्या, सानशिनच्या शिक्षिका. आम्ही सगळे त्यांना सेन्से, म्हणजे गुरुजी, म्हणतो. सानशिनला तीन तारा असतात, पडदे नसतात, आणि ती अजगराच्या कातड्याने मढवलेली असते. उजव्या हाताच्या तर्जनीवर म्हशीच्या शिंगाची नखी चढवून ती वाजवतात. साथीला नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागातून आलेले एक बँजोवादक होते. बँजो हे आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडे ताणून घडवलेल्या वाद्याचे वंशज. दोन्ही वाद्यांचा आवाज कातड्यावरून उठतो, तार छेडताच उसळतो आणि लगेच विरतो, त्यामुळे ती एकमेकांवर पसरत नाहीत. ध्वनिमुद्रकाला यापेक्षा सोयीची जोडी क्वचितच मिळते.

गाणे तेरड्याच्या फुलांचे होते. तेरड्याने नखे रंगवावीत तशी आईवडिलांची शिकवण मनाला लावून घ्यावी, असे सांगणारे ते लोकगीत ओकिनावात घरोघरी ठाऊक आहे. बँजोवादक मनापासून आणि सफाईने वाजवत होते, पण हेडफोनमध्ये मला ऐकू येत होते की ओळीच्या शेवटी 'नी'वरून 'सा'वर येताना सेन्सेंचा आवाज दर वेळी किंचित ओढला जातो. मी थांबवले आणि त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "छानच वाजवतात ते. पण मी जिथे गप्प राहते तिथे ते बोलतात."

लहानपणी हार्मोनियम शिकलो असल्यामुळे मी ते गाणे सरगमीत लिहून पाहिले. स्वर निघाले सा, ग, म, प, नी, म्हणजे आपल्या तिलंग रागाच्या आरोहाचे. रिषभ आणि धैवत वर्ज्य. बँजोवादकांच्या डोंगरी धुना मात्र बहुतांशी सा, रे, ग, प, ध या भूप रागाच्या स्वरांत चालतात. सा, ग, प दोघांचे सामाईक, आणि एकाकडे जे दोन स्वर नाहीत तेच नेमके दुसऱ्याकडे आहेत. सेन्सेंची सानशिन त्या दिवशी पांढरी एकला, म्हणजे पाश्चात्त्य सीला, लावलेली होती, मधली तार मध्यमावर आणि तिसरी वरच्या षड्जावर. त्या पट्टीत एफचा कॉर्ड वाजला की धैवत येतो आणि जीचा वाजला की रिषभ, म्हणजे गाण्याने जाणीवपूर्वक मोकळ्या ठेवलेल्या दोन्ही जागा भरल्या जात होत्या. सा, ग, प यांचा सी आणि ग, प, नी यांचा ई मायनर हे मात्र चालण्यासारखे होते.

हे दाखवल्यावर बँजोवादकांनी क्षणभर स्वतःच्या वाद्याकडे पाहिले आणि पहिली तार मोकळी छेडली. तारा लावण्याच्या ज्या पद्धतीला ते डबल सी म्हणतात तिच्यात ही तार रिषभावर असते. कॉर्ड बाजूला ठेवले असते तरी उजव्या हाताच्या प्रत्येक फटक्यात ती बोललीच असती. त्यांनी खुंटी पिळून ती गांधारावर चढवली. आता पाचही मोकळ्या तारा सा, ग, प यांवरच होत्या आणि अंगठ्याखालची आखूड पाचवी तार पंचम धरून होती.

चहाच्या वेळी सेन्सेंनी बँजोच्या कातड्यावर टिचकी मारून पाहिली आणि वडिलांच्या सानशिनची गोष्ट सांगितली. युद्धानंतर छावणीत ठेवलेल्या लोकांनी अमेरिकी लष्कराचे रिकामे डबे, खाटेचे लाकूड आणि पॅराशूटचे दोर वापरून सानशिनी बनवल्या होत्या, आणि त्यांतली एक त्यांच्या वडिलांची होती. बँजोवादकांनी सांगितले की त्यांच्या आजोबांचे पहिले वाद्य सिगारच्या खोक्याचे होते. मग दोघेही बराच वेळ डबा आणि खोके यांच्या आवाजातल्या फरकावर बोलत राहिले, आणि दुभाषा म्हणून माझी धांदल उडाली.

त्यानंतरचे वादन वेगळेच झाले. सेन्से गात असताना बँजो सा, ग, प सोडून कुठेच गेला नाही, 'नी' तर बँजोवादकांनी पूर्णपणे सेन्सेंकडे सोपवला. कडवे संपून आवाज थांबला की मात्र ते आपले रे आणि ध घेऊन मोकळेपणाने बोलत, आणि सेन्से सानशिनवर खालचा षड्ज धरून त्यांना वाट देत. दुसऱ्या मध्यंतरात सेन्सेंनी स्वतःहून एक उत्तेजनाची आरोळी घातली. लोकगीतांत ती घालायची पद्धतच आहे, पण इतका वेळ त्यांना ती घालावीशी वाटली नव्हती.

मिक्सिंग करताना मी स्वरदुरुस्तीचे साधन वापरले नाही. सेन्सेंचा 'नी' हार्मोनियमच्या 'नी'पेक्षा किंचित उतरलेला आहे आणि दर वेळी तो तिथेच लागतो, म्हणजे तो त्यांचा ठरलेला स्वर आहे. काम देणाऱ्यांनी खाली गिटार घालून गाणे भरीव करावे असे सुचवले होते. मी दोन्हींची सरगम कागदावर मांडून, गिटारने कोणत्या दोन जागा बुजतील ते खुणांनी दाखवून, बिनगिटारचे एकच मिक्स पाठवले. त्यांनी ते तसेच स्वीकारले.