ब-3 चा छडा: गळती चार्जरची नाही, सेलचीच

मंडळी, ब-3 चा छडा लागला! गेल्या नोंदीत ज्या पेन्सिल सेलपाशी सगळं अडलं होतं, तोच हा. चार्ज करून लगेच क्षमता मोजली की इतर तिघांच्या बरोबरीला उभा, आणि महिनाभर नुसता ठेवला की दोन-तृतीयांश रिकामा. नवीन वाचकांसाठी थोडक्यात: ब हा चार सेलचा एकाच पाकिटातला संच आहे, पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड, पाकिटावर 2000 एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे क्षमता) आणि 'कमी सेल्फ-डिस्चार्ज', म्हणजे नुसता ठेवल्यावर आपोआप कमी रिकामा होणारा, असं छापलेलं. डिस्चार्ज नेहमीप्रमाणे 400 मिलिअँपिअरने, 1.0 व्होल्टपर्यंत.

लगेच मोजल्यावर, एमएएचमध्ये: ब-1 1934, ब-2 1921, ब-3 1917, ब-4 1940. महिन्याने: 1741, 1733, 652, 1752.

तिघांनी साधारण दहा टक्के गमावलं. नागपूरचा उन्हाळा धरला तर मला ते मान्य आहे. पण 652?

पहिला संशय अर्थातच चार्जरवर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचंही मत तेच पडलं होतं की मायनस डेल्टा-व्ही (चार्ज पूर्ण झाल्याची खूण, व्होल्टेजची छोटी घसरण) चार्जरला आधीच सापडला असेल आणि ब-3 अर्धवट भरूनच बाहेर आला असेल. शंका रास्त होती. चार्ज संपताना या सेलचं व्होल्टेज जेमतेम काही मिलिव्होल्टने खाली येतं, तेवढ्यावरून चार्जरने थांबायचं असतं. अंतर्गत रोध वाढलेला सेल असेल तर खोटं शिखर दिसतं आणि चार्ज लवकर तुटतो. शिवाय आमच्या चार स्लॉटच्या चार्जरचा तिसरा स्लॉट आकडे चार टक्के फुगवून सांगतो, हे मल्टिमीटर सिरीजमध्ये लावून मागेच सिद्ध केलं होतं. त्यामुळे नुसत्या त्याच्या पडद्यावरच्या आकड्यावर मी आता विसंबत नाही.

म्हणून चार्जरच वाटेतून काढला. एलएम317 या रेग्युलेटर आयसीला स्थिर-प्रवाह पद्धतीने जोडलं, 6.2 ओहमचा एक वॉटचा रेझिस्टर, 12 व्होल्टचा अॅडॉप्टर, आणि चारही सेल एका ओळीत. 1.25 भागिले 6.2, म्हणजे 200 मिलिअँपिअर. सोळा तास. आयईसी 61951-2 या मानकातली चार्जची पद्धतही हीच: 0.1सी ने (म्हणजे क्षमतेच्या आकड्याच्या दहाव्या भागाइतक्या प्रवाहाने, इथे 200 मिलिअँपिअर) 16 तास, मग थोडी विश्रांती, मग 0.2सी ने डिस्चार्ज. सिरीजमध्ये असल्याने चौघांतून एकच प्रवाह, तितकाच वेळ. कुणाला कमी मिळालं, कुणाला जास्त, हा वादच उरत नाही. एलएम317 ला छोटी हीटसिंक लावा, तो चांगलाच तापतो. सुटे भाग सीताबर्डीतून घेतले. रेझिस्टर काउंटरवरच मीटरने मोजू देणारा दुकानदार मला ऑनलाइनच्या स्वस्त पाकिटापेक्षा केव्हाही परवडतो. ज्यांच्याकडे माहा कंपनीचा सी9000 चार्जर आहे त्यांनी त्यातलं 'ब्रेक-इन' वापरावं, ते हेच काम करतं.

एवढं करून पुन्हा महिनाभर ठेवले. ब-3 पुन्हा साडेसहाशेच्या घरात. चार्जर निर्दोष सुटला, पण कोडं तसंच राहिलं.

मग रोज सकाळी प्रत्येक सेलचं ओसीव्ही (काहीही न जोडता मोजलेलं व्होल्टेज) लिहून ठेवायला सुरुवात केली. सुरुवातीला चौघांचे आलेख एकावर एक. भरलेला सेल पहिल्या दिवसात तसाही झपाट्याने उतरतो, 1.42 वरून 1.37 च्या आसपास, आणि नंतर या रसायनाचा आलेख इतका सपाट असतो की 80 टक्के भरलेला आणि 40 टक्के भरलेला यांत फरक अगदी थोडा. म्हणूनच मीटर टेकवून 'सेल ठीक आहे' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण महिनाभराचे आकडे ओळीने मांडल्यावर एक गोष्ट उठून दिसली. तिघांची घसरण पुढेपुढे मंदावत गेली होती, ब-3 ची मंदावतच नव्हती. रोज जवळपास तेवढंच.

इथे माझी ट्यूब पेटली. तिघांइतकी नैसर्गिक घट बाजूला काढली तर ब-3 ने जास्तीचे सुमारे 1075 एमएएच घालवले. महिन्याचे तास 720. म्हणजे अखंड दीड मिलिअँपिअर. 1.3 व्होल्टला दीड मिलिअँपिअर म्हणजे सेलच्या आतच 870 ओहमच्या आसपासचा रेझिस्टर जोडलेला आहे असं समजा.

तुलनेसाठी पाहा, भिंतीवरचं घड्याळ एका सेलवर वर्षभर सहज चालतं. ब-3 ची नुसती गळतीच घड्याळाच्या भुकेच्या कित्येक पट आहे.

आता हा प्रश्न की गळती रासायनिक की विद्युत? साध्या सेल्फ-डिस्चार्जमागे रासायनिक क्रिया असतात. धन पट्टीवरून ऑक्सिजन सुटतो, जुन्या पद्धतीच्या पॉलिअमाइड सेपरेटरमधून (दोन पट्ट्यांमधल्या पडद्यातून) नायट्रोजनची संयुगं निघून दोन्ही पट्ट्यांमध्ये येरझाऱ्या घालतात. दुसरा प्रकार वेगळा: ऋण पट्टीच्या मिश्रधातूतलं कोबाल्ट आणि मँगनीज विरघळून सेपरेटरमध्ये साठतं आणि तिथून वीज वाहायला बारीक वाट, म्हणजे बारीक शॉर्ट, तयार होते. सॅनियोने 2005 मध्ये एनेलूप हा कमी सेल्फ-डिस्चार्जचा सेल आणला तेव्हा या दोन्ही आघाड्यांवर काम केलं होतं, सल्फोनेटेड सेपरेटर आणि सुधारलेला मिश्रधातू. म्हणूनच त्या पहिल्या पिढीलाही वर्षानंतर 85 टक्के उरतील असा दावा करता आला.

दोन्हींमधला फरक ओळखायला तापमान कामी येतं. रासायनिक सेल्फ-डिस्चार्ज दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो. बारीक शॉर्ट असेल तर त्याला थंडी-उष्णतेचं विशेष सोयरसुतक नसावं. म्हणून ब-1 आणि ब-3 पुन्हा एलएम317 वर भरले आणि सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत घालून महिनाभर फ्रीजमध्ये ठेवले. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ दिली. नाहीतर दंव धरतं, आणि थंड सेल क्षमताही कमीच दाखवतो.

ब-1: 1852. खोलीत 193 गमावले होते, इथे फक्त 82.
ब-3: 748.

हा आकडा उमटला तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. ब-3 ची नैसर्गिक घट थंडीत कमी झाली, पण जास्तीची गळती जवळपास जशीच्या तशी राहिली. आत शॉर्टची वाट आहे, माझ्या मते सेपरेटरमधून. सेल कापून पाहायचा विचार मात्र सोडला आहे, आत कॉस्टिक पोटॅश असतं आणि घरात तो प्रकार नको.

यावरून क्षमतेच्या आकड्याबद्दल माझं मत अधिक पक्कं झालं. चार्जनंतर लगेच मोजलेली क्षमता सेल निवडायला पुरत नाही. चार सेलच्या बीपी यंत्रात ब-3 गेला तर बाकी तिघे भरलेले असताना तो आधी रिकामा होईल आणि तिघे मिळून त्याला उलट्या दिशेने चार्ज करतील. संच जुळवताना आता मी महिन्यानंतरचा आकडा बघणार, 3000 च्या पुढचे छापील दावे तर विचारातही घेणार नाही.

यानंतर अ संचाचे छोटे पेन्सिल सेल महिनाभर ठेवणार होते. पण हे लिहिता लिहिताच एक जलद मार्ग सुचला, तेव्हा तो बेत मागे. गळती दिसायला महिना लागतो कारण भरलेल्या सेलचा आलेख सपाट असतो. मग रिकाम्या टोकाला का मोजू नये? तिथे आलेख कड्यासारखा उतरता असतो. 1.0 व्होल्टपर्यंत डिस्चार्ज केलेला निरोगी सेल विश्रांतीत पुन्हा 1.2 च्या वर चढतो आणि तिथेच राहतो. दीड मिलिअँपिअर गळत असेल तर शेवटचे उरलेले थोडे एमएएच काही दिवसांतच संपायला हवेत, आणि व्होल्टेजने तोंड खाली करायला हवं. हे जमलं तर नवीन पाकिटाची परीक्षा महिन्याऐवजी आठवड्यात उरकेल.

पडताळणीही लगेच करता येईल. ब-4 निरोगी आहे, त्याला बाहेरून 820 ओहमचा रेझिस्टर लावायचा. माझ्या हिशोबातला शॉर्ट खरा असेल तर ब-4 आणि ब-3 जोडीने घसरले पाहिजेत, ब-1 वरच राहिला पाहिजे. ब-4 चा रेझिस्टर 0.8 व्होल्टला काढून टाकेन, उगाच त्याला खोल डिस्चार्जमध्ये ढकलायचं नाही.

तिघेही आताच 1.0 व्होल्टपर्यंत उतरवून ट्रेमध्ये ठेवले आहेत. पहिल्या तासाचं ओसीव्ही: ब-1 1.22, ब-3 1.21, ब-4 (820 ओहमसह) 1.20. कुणाकडे असा गळका सेल असेल तर त्यानेही हीच मांडणी करून आकडे पाठवावेत, डिस्चार्जचा प्रवाह आणि खोलीचं तापमान मात्र नक्की लिहा.