२०२० चा प्लॅनर, २०२६ ची कामं

आमच्याकडे स्टेशनरी संपत नाही, साचते. दर जूनला मुलीच्या अर्धवट वह्या कपाटात जातात, दर जानेवारीला नवऱ्याला कुठून कुठून मिळालेल्या डायऱ्या त्यांच्यावर चढतात आणि सगळ्यांच्या तळाशी माझे प्लॅनर. एकेकाळी मला त्यांचा भारी नाद होता. स्टिकर, रंगीत कागदी टेप, खुणेच्या चिकट चिठ्ठ्या, सगळं साग्रसंगीत. यंदा मार्चमध्ये घराला रंग द्यायचं ठरलं आणि ते कपाट रिकामं करणं भाग पडलं.

रद्दीवाला वह्या घेतो, पण कोऱ्या पानांनाही भाव रद्दीचाच. ते जिवावर आलं. ‘टाकाऊतून टिकाऊ’चे व्हिडिओ बघून झाले, पण मला ते पटत नाहीत. बाटलीला टेप गुंडाळून केलेली फुलदाणी शेवटी धूळच खाते, आणि मग टेपसकट बाटली कचऱ्यात. म्हणून एकच ठरवलं: घरात जे काम रोज चालतंच, त्याला हे सामान लावायचं. शोभेचं काही करायचं नाही.

पहिल्यांदा हाती आला २०२० चा प्लॅनर. जाड कागद, एका आठवड्याला समोरासमोरची दोन पानं, आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गच्च भरलेला. पुढे टाळेबंदी लागली, त्यामुळे एप्रिलपासून पानं कोरी करकरीत. लीप वर्षाचं अख्खं कॅलेंडर २८ वर्षांनी परत येतं, म्हणजे हा प्लॅनर थेट २०४८ साली उपयोगी पडणार! पण घोळ फक्त २९ फेब्रुवारीपर्यंतचा. १ मार्च २०२० ला रविवार होता, १ मार्च २०२६ लाही रविवारच. १५ ऑगस्ट तेव्हा शनिवारी होता, यंदाही शनिवारीच. म्हणजे एप्रिल ते डिसेंबर हा प्लॅनर जसाच्या तसा चालतो. मी भरलेली पानं पातीनं कापून काढली आणि एप्रिलपासून लिहायला लागले.

वार जुळले तरी तिथी कुठल्या जुळायला! तेव्हा अधिक अश्विन होता, यंदा अधिक ज्येष्ठ. त्यामुळे आषाढी १ जुलैला छापलेली, यंदा ती २५ जुलैला. गणपती छापलेत २२ ऑगस्टला, येणार १४ सप्टेंबरला. लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरऐवजी ८ नोव्हेंबरला. इथे ती रंगीत टेप खऱ्या अर्थानं कामी आली. भिंतीवरचं कॅलेंडर समोर ठेवून छापील सणांवर टेपची पट्टी लावली आणि नव्या तारखांना उरलेले स्टिकर. टेपवर लिहायचं असेल तर बॉलपेन घ्यावं, जेलपेनची शाई हाताला लागून फरफटते.

मग बाकीच्या डायऱ्याही याच चाळणीतून काढल्या. २०१५ ची डायरी अख्खीच्या अख्खी २०२६ शी जुळते, ती सासूबाईंनी दुधाच्या हिशोबाला घेतली. २०२१ ची पुढच्या वर्षासाठी ठेवली. २०२५ ची २०३१ साली चालेल, पण तेवढा धीर मला नाही. तिची पानं सुटी केली.

आता वह्या. मधोमध पिना मारलेली वही निम्म्याहून कमी लिहिलेली असेल, तर काम सोपं. पिना उचकटल्या की मधले जोडकागद दोन्ही अंगांनी कोरे निघतात. असे आठ जोडकागद एकात एक बसवले की बत्तीस पानी वही होते. घडीवर तीन भोकं पाडायची, एक मध्ये आणि एकेक दोन्ही टोकांपासून दोन-दोन बोटांवर. गोधडीचा जाड दोरा मेणबत्तीवर घासून घ्यायचा, म्हणजे गुंतत नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढायची, वरच्या भोकातून आत घ्यायची, मधलं भोक सोडून खालच्यातून बाहेर, आणि परत मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत, मग त्या टाक्यावरच गाठ मारायची. एकाच बाजूला आली तर गाठ सैल पडते आणि वही खुळखुळते.

वही निम्म्याच्या पुढे लिहिलेली असेल, तर मात्र सुटी पानंच हाती येतात. ती कडेनं शिवावी लागतात. अशी वही सपाट उघडत नाही आणि बोटभर समास शिवणीतच जातो. त्यांचे मी लहान गठ्ठे करून फोनपाशी आणि स्वयंपाकघरात वाणसामानाच्या यादीला टांगले. पाठकोरे कागदही तिथेच गेले. कव्हरला लग्नपत्रिका. तो कागद इतका दणकट असतो की वेगळा पुठ्ठा लागत नाही. गणपतीचं चित्र असलेला तुकडा आमच्याकडे कुणी कापू देत नाही, म्हणून तो पोथीत खूण म्हणून गेला.

सुकलेल्या स्केचपेनांना मागून बूच काढून आतल्या कापसावर कोमट पाण्याचे चार थेंब सोडले. निम्मी जिवंत झाली. उरलेल्यांचा कापूस वाटीभर पाण्यात पिळला, तर मुलीला फिक्का का होईना, जलरंग मिळाला. पर्मनंट मार्करला हा उपाय चालत नाही, त्याची शाई पाण्याची नसते.

लिहिलेली पानं रद्दीत टाकणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “अगं, थांब. ते सूप बघ किती विरलंय.”

“आई, सुपाचा आणि कागदाचा काय संबंध?”

“भिजत घाल सगळं. आणि मूठभर मेथ्याही.”

कागद बारीक फाडून रात्रभर भिजवला. मेथ्या वेगळ्या भिजवून वाटल्या, दोन्ही एकत्र कुटून लगदा केला. त्यांनी तो सुपाला आतून-बाहेरून बोटांनी दाबत पातळ सारवला, आणि फटी दिसेनाशा झाल्या. मेथीनं लगदा धरून राहतो, आणि तिच्या कडूपणानं कीड लागत नाही. थर जाड झाला की वाळताना तडकतो, म्हणून त्या दोनदा पातळ हात देतात, पहिला खडखडीत वाळल्यावर दुसरा. डायऱ्यांची गुळगुळीत चकचकीत कव्हरं मात्र यात घालू नयेत. ती दोन दिवस पाण्यात ठेवली तरी तशीच राहतात. ती आणि स्पायरलच्या तारा तेवढ्या भंगारात दिल्या.