गुण्याने घात केला

होडी शिडाची, 12 फुटी. अलिबागला घरामागच्या पडवीत, आयएस 710 च्या मरीन प्लायमध्ये बांधतोय. अडलो ते सामानाच्या कप्प्यांच्या झाकणांवर. प्लायच्या कडा पाणी पितात, म्हणून झाकणं फायबरची करायची ठरवली: ताट उपडं घातल्यासारखी, कडा 40 मिलीमीटर खाली वळलेल्या.

एकच झाकण हवं असतं तर सरळ नमुन्यावरच रेझिनमध्ये भिजवलेली काचतंतूंची मॅट चढवली असती. पण मग खडबडीत बाजू वर येते आणि घासून घासून हात गळून जातात. मला दोन हवी होती, वरून गुळगुळीत. म्हणजे आधी एमडीएफचा नमुना, त्यावरून साचा, मग साच्यातून झाकणं. "एका झाकणासाठी तीनदा तेच?" बायकोने विचारलं. तिचं बरोबर होतं.

नमुन्यावर जीव ओतला. लांबी (भरणीची पुट्टी), प्रायमर, मग 180 पासून 1200 नंबरपर्यंत वॉटर पेपर. ओरखडा राहिला तर तो साच्यात उतरतो आणि तिथून प्रत्येक झाकणावर. मेणाचे सहा हात, प्रत्येक हात पुसून चकचकीत केला. त्यावर पीव्हीए, म्हणजे साचा चिकटू नये म्हणून लावायचं, वाळून पातळ पापुद्रा होणारं द्रावण. पावसाळा मुद्दाम टाळला, कारण दमट हवेत पीव्हीएचा थर वाळता वाळत नाही.

मग जेलकोट, म्हणजे पृष्ठभागाचा गुळगुळीत रेझिनचा थर, त्यावर आधी चौरस मीटरला 300 ग्रॅमची पातळ मॅट, मग 450 च्या. रेझिन कोबाल्ट (ते लवकर घट्ट करणारं रसायन) घातलेलंच आणलं होतं. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो, ती जोखीम घरात कशाला?

दुसऱ्या दिवशी साचा निघेना. पाचरी मारल्या, फटीत पाणी सोडलं, रबरी हातोडीने ठोकलं. नमुन्याची एक कड तुटली, साचा ढिम्म.

वडिलांचे एक स्नेही पेणला गणपतीच्या मूर्ती करतात. त्यांना फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"कडा काटकोनात आहेत का रे?"

"हो काका, गुण्या लावून तपासल्यात."

"म्हणूनच अडकलं! आमचा रबराचा साचा सोलून निघतो, तुझा कडक आहे. मोदकाचा साचा दोन पाकळ्यांचा का असतो, विचार कर."

इतकी वर्षं मोदक खातोय, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या नमुन्याच्या कडांना 3 अंशांचा उतार दिला. 40 मिलीमीटर उंचीला जेमतेम 2 मिलीमीटर, डोळ्यांना कळतही नाही. कोपरे लांबीने गोल केले, कारण टोकदार कोपऱ्यात मॅट बसत नाही, खाली हवा राहते. या वेळी एका कोपऱ्यात जेलकोट पातळ लागला होता. वरच्या रेझिनमधल्या स्टायरिन या द्रावकाने तो चुरगळून मगरीच्या पाठीसारखा झाला. तेवढा भाग नंतर घासून, नवा जेलकोट लावून दुरुस्त केला. साचा वाकू नये म्हणून मागे प्लायच्या पट्ट्या बसवल्या आणि आठवडाभर नमुन्यावरच राहू दिला.

मग चारी बाजूंनी लाकडी पाचरी हलकेच सरकवल्या, पाणी ओतलं. टक्! असा आवाज झाला आणि साचा हातात आला. त्यातून दोन्ही झाकणं काढली, कप्प्यांवर नीट बसली.

पहिला नमुना पहिल्या साच्यातून आजवर निघालेला नाही. पडवीत आई त्यावर बसून नारळ सोलते.