वगळायचा की ठेवायचा: मोर्चातला एक फॉर्म

लोक मोर्चाला का येतात हे शोधायला आम्ही मोर्चातच सर्वेक्षण करतो. त्यासाठी येणाऱ्या नव्या मुलामुलींना सगळ्यात आधी एक गोष्ट शिकवावी लागते. ज्याच्याशी बोलावंसं वाटतं, त्याच्याकडे जायचं नाही. मोकळं सोडलं तर सर्वेक्षक हसऱ्या, एकट्या चालणाऱ्या, साधारण आपल्याच वयाच्या माणसाकडे वळतो. तोंडाला रुमाल बांधलेले हमखास सुटतात. म्हणून निवडणारा वेगळा आणि विचारणारा वेगळा. निवडणाऱ्याला आम्ही पॉइंटर म्हणतो. तो रांगा मोजतो आणि दर कितव्या रांगेतल्या कोणाला फॉर्म द्यायचा ते बोटाने दाखवतो. 'त्या घाईत दिसतायत' वगैरे मत सर्वेक्षकाने द्यायचं नसतं. निम्मी तुकडी मोर्चाच्या तोंडाकडून मागे सरकते, निम्मी शेपटाकडून पुढे. युरोपातल्या निदर्शनांसाठी ही पद्धत घडत गेली. 15 मार्च 2019 रोजी शाळकरी मुलांचा हवामान-संप झाला, तेव्हा 13 युरोपीय शहरांतल्या सर्वेक्षणाचा पाया हीच पद्धत होती.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात मोर्चाला रांगा नसतात. रस्ता अरुंद झाला की लोक दाटतात, चौकात पांगतात, ढोल वाजवणाऱ्यांभोवती घोळका थांबतो आणि मागचे त्याला वळसा घालून पुढे जातात. पॉइंटरचा अंदाज चुकला तर फॉर्मची पाकिटं मोर्चाच्या मध्यावरच संपतात आणि शेपूट कोरं राहतं. चांगला पॉइंटर रांगा मोजतच नाही. तो खांबाशी उभा राहून समोरून मिनिटाला किती माणसं जातात ते पाहतो आणि त्यावरून हिशेब सतत बदलत राहतो. हे कौशल्य संशोधनाच्या निबंधात एका वाक्यात उरकलं जातं, तेही तळटिपेत.

प्रत्येक पाकिटावर एक क्रमांक असतो. पाकीट मोर्चाच्या कुठल्या भागात दिलं गेलं एवढंच त्यावरून कळतं, कोणाला दिलं ते नाही. फॉर्म घरी जाऊन भरायचा आणि टपालाने किंवा क्यूआर कोडवरून परत पाठवायचा. तिघांतल्या एकाने पाठवला तरी आम्ही खूश असतो. न पाठवणारे कसे होते हे कळावं म्हणून दर पाचव्या माणसाला जागेवरच पाच-सहा प्रश्न विचारतो: वय, शिक्षण, यायचं कधी ठरवलं, याआधी किती मोर्चांना गेलात. तेच प्रश्न फॉर्ममध्येही असतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कोण गळलं ते दिसतं.

हवामान-न्यायाच्या मोर्चात सगळ्यात पुढे कोण चालणार, हे आयोजक विचार करून ठरवतात. न्यूयॉर्कमध्ये 21 सप्टेंबर 2014च्या मोठ्या मोर्चातही ज्यांना आधीपासून झळ बसते आहे त्यांची तुकडी अग्रभागी होती. मी सांगतो आहे त्या मोर्चात हा मान औष्णिक वीजप्रकल्पाच्या राखेच्या तलावाशेजारी राहणाऱ्या वस्तीचा होता. दोरीच्या कड्यात, हातात हात गुंफून सगळे चालत होते. पॉइंटरने बोट दाखवायचं आणि दोरीबाहेरच्या स्वयंसेवकाने मान हलवायची, असं चाललं होतं. नकार उद्धट नव्हता. 'आमचं रक्त तपासायला आले, पाणी न्यायला आले, अहवाल कोणी दाखवला नाही,' एवढंच तो म्हणाला. याला संशोधनाच्या भाषेत 'नॉन-रिस्पॉन्स', म्हणजे प्रतिसाद न मिळणं, म्हणतात आणि टक्केवारीत लिहून मोकळे होतात.

मोर्चा थांबला असताना त्यांतल्या एका वयस्क बाईंनी स्वतःहून हात पुढे केला. पॉइंटरने त्यांना निवडलं होतं. सर्वेक्षक मुलीने पाकीट देऊन 'मावशी, हे घरी नेऊन भरा' म्हणून सांगितलं. 'घरी कुठला वेळ, पोरी? आत्ताच दे पेन,' म्हणून त्यांनी त्या मुलीच्याच पाठीवर कागद ठेवून तो भरला. नियमात हे बसत नाही. गर्दीत, घोषणांच्या आवाजात, शेजारचे डोकावत असताना दिलेली उत्तरं आणि रात्री घरी शांतपणे दिलेली उत्तरं सारखी मानत नाहीत. माझ्या मते मुलीने पेन दिलं ते बरोबर केलं, पण आमच्या प्रकल्पात सगळ्यांचं मत असं नाही.

तो फॉर्म मी अजून मधूनमधून काढून बघतो. रागाचा प्रश्न 1 ते 7 च्या पट्टीवर होता. बाईंनी 7च्या चौकटीनंतर पेनाने आणखी एक चौकट आखली होती आणि खूण तिच्यात केली होती. 'आपण एकत्र आलो तर धोरण बदलू शकतं' या विधानापुढे 1. 'मी स्वतःला पर्यावरण कार्यकर्ता समजते' इथेही 1, आणि विधानावर आडवी रेघ.

सामाजिक मानसशास्त्रात सामूहिक कृतीबद्दल खूप वापरलं जाणारं एक प्रारूप फान झोमरेन, पोस्टमेस आणि स्पिअर्स यांनी 2008 मध्ये मांडलं. त्यासाठी त्यांनी आधीच्या अभ्यासांतले 182 परिणाम एकत्र तपासले होते. माणूस रस्त्यावर उतरतो त्यामागे तीन गोष्टी: अन्याय झाल्याची जाणीव आणि त्यातून आलेला राग, आपल्या हातून काही होईल हा भरवसा, आणि गटाशी एकरूपता. एकरूपता थेट काम करते, शिवाय राग आणि भरवसा दोन्ही वाढवते. यातल्या दोन गोष्टींवर, भरवसा आणि एकरूपता, बाईंनी सगळ्यात खालचा आकडा दिला होता, आणि त्या उभ्या होत्या मोर्चाच्या पहिल्या फळीत, फलकाची काठी बगलेत धरून.

प्रारूप खोटं आहे असं मी म्हणत नाही. मोर्चाच्या मधल्या आणि मागच्या भागातून आलेल्या फॉर्मांवर ते नीट चालतं. अडचण मापाची आहे. भरवसा म्हणजे धोरण बदलेल हा भरवसा, असं आम्ही धरून चाललो. आयानियन आणि ताउश यांनी 2013 च्या लष्करी सत्तापालटानंतरच्या ईजिप्तमधल्या कार्यकर्त्यांचा अभ्यास केला, तेव्हा राजकीय हेतू साधेल का आणि चळवळ उभी राहील का, हे वेगवेगळं विचारलं होतं. आपली वस्ती एकत्र राहील का असं विचारलं असतं तर बाईंनी कदाचित वेगळा आकडा दिला असता. एकरूपतेच्या प्रश्नातही गट आमचा होता. कार्यकर्ते, चळवळ, पर्यावरणवादी असे शब्द घातले होते, वस्तीचं नाव विचारायला जागा नव्हती. आणि रागाची पट्टी अशी की पहिल्या फळीतला जवळजवळ प्रत्येकजण शेवटच्या घरात जाऊन बसणार. सगळे 7 वर असले की रागामुळे काय बदलतं हे गणिताने काढताच येत नाही, कारण आकड्यात फरकच उरत नाही. सहकाऱ्याने यावर 'सीलिंग इफेक्ट' असं म्हणून विषय संपवला. नाव दिलं की प्रश्न सुटला असं वाटणारे लोक या क्षेत्रात भरपूर आहेत.

आणखी एक गुंता समासात होता. पुढच्या महिन्यात प्रकल्पाच्या फाटकापाशी काय करणार आहोत, हे बाईंनी दोन ओळींत लिहिलं होतं. वस्तीच्या नावासकट. मूळ फॉर्म स्कॅन करून जपायचा हा आमचा नियम. पण जपलेली गोष्ट कोणी मागू शकतं. बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र गटांतल्या लोकांच्या मुलाखती हयातीत उघड न करण्याच्या शब्दावर घेतल्या होत्या. 2011 मध्ये ब्रिटिश तपास यंत्रणांच्या विनंतीवरून न्यायालयीन मागणी आली आणि तो शब्द पुरा पडला नाही. म्हणून ज्याची गरज नाही ते ठेवायचंच नाही, हा खरा बंदोबस्त. स्कॅन करण्याआधी त्या दोन ओळी काळ्या केल्या, आणि मूळ कागदावरही केल्या, कारण नुसत्या स्कॅनवर केल्या तर कपाटातला कागद बोलत राहतो. एथिक्स कमिटीने संमतीपत्रावरच्या एका स्वल्पविरामावरून आम्हाला फाइल परत पाठवली होती. समासातल्या मजकुराचं काय करायचं, असा प्रश्न तिच्या अर्जात मुळात नाहीच.

मग वाद आकड्यांचा. 8 वर केलेली खूण 7 म्हणून नोंदवायची, रिकामी धरायची की 8 लिहायची? 8 लिहिलं तर संगणक नोंद नाकारतो. रिकामी धरली तर सगळ्यात रागावलेली बाई रागाच्या सरासरीतून गायब. आम्ही 7 लिहिला आणि वेगळ्या रकान्यात 'पट्टीबाहेर' अशी खूण केली. जागेवर भरलेला फॉर्म म्हणून तो मुख्य विश्लेषणात घ्यायचा की नाही, यावर एकमत झालं नाही. आता प्रत्येक तक्ता दोनदा निघतो, त्या फॉर्मसह आणि त्याच्याशिवाय. दुसऱ्या दशांशातही फरक पडत नाही, आणि संख्याशास्त्र पाहणाऱ्या सहकाऱ्याला तेवढ्याने समाधान वाटतं. मला वाटत नाही. त्या तुकडीतून हा एकच फॉर्म आला. भारांक देऊन, म्हणजे कमी फॉर्म आलेल्या गटाची उत्तरं जास्त मोजून, दुरुस्ती करायची म्हटली तर या एका बाईंना सबंध वस्तीचं वजन पेलावं लागेल, आणि त्यांचा हात जरा घसरला असला तर निष्कर्षही घसरेल.

पुढच्या फॉर्मसाठी भरवशाचे प्रश्न तीन भागांत केले आहेत: धोरण बदलेल का, आपली माणसं एकत्र राहतील का, आपण गेलो नाही तर फरक पडेल का. रागाची पट्टी काढून 'गेल्या महिन्यात हा विषय किती वेळा झोप उडवून गेला' असं विचारतो आहोत. शिवाय एक नवा प्रश्न: आज इथे न येणं तुम्हाला परवडलं असतं का? चाचणीत विद्यार्थ्यांना तो दिला तेव्हा जवळपास सगळ्यांनी 'हो' वर खूण केली. उत्तरांत फरकच नाही, प्रश्न काढून टाका, असा शेरा आला आहे. 'नाही' म्हणणारे दोरीच्या आत आहेत, आणि त्यांच्यापर्यंत फॉर्म पोचायचा तर आधी मागच्या वेळचे निकाल त्यांच्या हातात द्यायला हवेत. त्यासाठी अनुदानात रकाना नाही. अर्ज पुन्हा लिहायला घेतला आहे.