मामाची स्टील गिटार

श्रावण, शुक्रवार. रात्रीचे साडेदहा.

दुपारपासून फोंड्यात पाऊस खळलेला नाही. साडेसातला वीज गेली ती नऊला आली. त्या दीड तासात मेणबत्तीच्या उजेडात मामाची गिटार मांडीवर घेऊन बसले होते, आणि आज पहिल्यांदा तिच्यातून मला हवा तसा सूर निघाला. एकच निघाला, पण निघाला. म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवते.

ही गिटार गेल्या चवथीला सावईवेऱ्याहून आणली. मामाने ऐंशी ओलांडली, बोटं आता थरथरतात. 'पोटमाळ्यावर वाळवी खाईल, तू घेऊन जा,' म्हणाला. दिसायला साधीच लाकडी गिटार. पण गळ्याच्या वरच्या टोकाला धातूची एक पट्टी घालून सगळ्या तारा उचलून घेतलेल्या, इतक्या की गळ्यावरच्या आडव्या पट्ट्यांना, म्हणजे पडद्यांना, त्या टेकतच नाहीत. पडदे फक्त बघण्यापुरते, कुठे काय आहे ते कळावं म्हणून. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या, डाव्या हातात पोलादी बार. तो तारांवर दाबायचा नाही, नुसता टेकवायचा आणि सरकवायचा.

मामा गावच्या नाटकांना आणि पुढे एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. आम्ही भाच्यांनी मात्र त्याच्याकडून अख्खं गाणं कधी ऐकलं नाही. चवथीला रात्री घुमट, शामेळ, कासाळं घेऊन आरत्या व्हायच्या, मग नेवऱ्यांचं ताट फिरायचं, आणि मामा भिंतीला टेकून गिटार मांडीवर घ्यायचा. गाण्याच्या सुरुवातीचा पीस वाजवायचा आणि मुखड्याच्या दारात थांबायचा. बार उचलून आमच्याकडे बघायचा. ज्याने ओळखलं त्याने पुढे म्हणायचं. कोणी घाई करून पीस संपायच्या आधीच तोंड उघडलं की मामाचं ठरलेलं, 'आदीं आयकून घे, मागीर म्हण.'

त्या वेळी तो खेळ वाटायचा. आता कळतं की ऑर्केस्ट्रात त्याचं कामच ते होतं. गायकाला सूर द्यायचा, लय द्यायची, गाणं कुठल्या मनःस्थितीत आहे ते सांगायचं, आणि बाजूला व्हायचं. आणि हे सगळं दहा-पंधरा सेकंदांत. जुन्या दहा इंची तबकडीवर, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावायची. अंतरे, मुखडे, मधलं संगीत सगळं त्यातच. मग सुरुवातीच्या पिसाला किती जागा उरणार? म्हणून ते जुने पीस मला इतके आवडतात. एकही सूर फुकट गेलेला नसतो.

माझ्या आवडीचं सांगायचं तर 'दम मारो दम'ची सुरुवात पहिली. १९७१चं गाणं. ती गिटार भूपिंदर सिंग यांची. 'चुरा लिया'च्या आरंभी काचेची किणकिण होते आणि मागून गिटार येते, तीही त्यांचीच. 'दो दीवाने शहर में' गाणारा तो जड, थोडा थकलेला आवाज मला शाळेपासून पाठ होता. त्याच माणसाचा हात मी त्याहून आधीपासून ऐकत आले होते हे मात्र चाळिशीनंतर कळलं. याचं मला खरंच वाईट वाटतं. तबकडीवर गायकाचं नाव असायचं, संगीतकाराचं असायचं. ज्याच्या आठ सुरांवरून आपण गाणं ओळखतो, त्याचं नसायचं.

आणि आम्ही गोव्याचे, आम्हाला तर हे जास्त लागायला हवं. चर्चच्या शाळांतून नोटेशन वाचायला शिकलेली किती माणसं मुंबईच्या स्टुडिओंत गेली. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी अरेंजर म्हणून काम केलं, म्हणजे कुठल्या वाद्याने कुठे काय वाजवायचं ते कागदावर बसवलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांचं नाव १९७७ साली शिष्याने एका गाण्यात घातलं आणि ते देशभर झालं. पण ते गाणं गुणगुणणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की तो माणूस खरा होता, आणि इथला होता? मी दर वेळी कोणाला तरी सांगते. सांगत राहणार.

स्टील गिटार आपल्याकडे इतकी का रुजली, याचं माझं उत्तर मला आज मिळालं. तसं बघितलं तर वाद्य कुठलं, हवाई बेटांवरचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जोसेफ केकुकू नावाच्या तिथल्या शाळकरी पोराने तारांवर लोखंड सरकवून बघितलं, तिथून ते वाढलं असं सांगतात. पण साध्या गिटारवर पडद्यामुळे सूर पायरीपायरीने चढतो. इथे पायऱ्याच नाहीत. सूर खालून येतो, वाटेतली प्रत्येक श्रुती घासत येतो. ही आपली मींड आहे. ब्रिजभूषण काबरांना तिच्यावर राग वाजवावासा वाटला यात नवल काही नाही. आणि तिच्यावर सिनेमाची गाणी वाजवणारे व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांच्या तबकड्यांत शब्द नसतानाही शब्द ऐकू येतात ते यामुळेच. दोन अक्षरांच्या मध्ये गळा जे करतो ते बार करतो.

तारा लावण्यावरून मी आधी फजिती करून घेतली होती. व्हिडिओ बघून सुरात चढवत गेले आणि गंजकी तिसरी तार तुटून मनगटाला लागली. मामाला फोन केला तर म्हणाला, 'चढवतेस कशाला? उतरव.' त्याची पद्धत सोपी. चौथी आणि पाचवी तार आहे तशी ठेवायची, बाकीच्या चार खाली आणायच्या. मग वरपासून खालपर्यंत सा प सा ग प सा. बार न टेकवता नुसता हात फिरवला तरी तंबोरा लागल्यासारखं वाटतं.

थोरला मुलगा साधी गिटार शिकतो. त्याच्या क्लासमध्ये सगळ्यांचं पहिलं गाणं 'नीले नीले अंबर पर', दुसरं 'हॉटेल कॅलिफोर्निया'. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये हे दुसरं इतक्या वेळा ऐकलंय की मी कंटाळायला हवी होते, पण नाही कंटाळले. सातव्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून बारा तारांची गिटार जी झिरपायला लागते, तिच्यापुढे पुढचे शब्द मला खरंच कमी महत्त्वाचे वाटतात.

त्यानेच गेल्या महिन्यात पिंक फ्लॉइडचं एक गाणं ऐकवलं, १९७५चं, 'विश यू वेअर हिअर'. आधी रेडिओची स्टेशनं बदलल्याची खरखर. मग लांबून, बारक्या रेडिओतून यावी तशी गिटार. थोड्या वेळाने अगदी जवळ कोणीतरी खोकतं, आणि दुसरी गिटार त्या रेडिओतल्या गिटारला साथ द्यायला लागते. मुलगा म्हणाला, 'आई, काय झालं?' मला बोलता येईना. ते सावईवेऱ्याचं माजघर होतं. विविध भारतीवर 'साज और आवाज़' लागायचं, एकच गाणं आधी वाद्यावर, मग गळ्यातून. मामा ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवायचा, खाकरायचा आणि वाद्याच्या वेळी हळूच त्यात आपली गिटार मिसळायचा. गळा सुरू झाला की बार उचलायचा. इंग्लंडातल्या माणसाला हे कसं ठाऊक, असं क्षणभर वाटलं.

तर आजचं. मी 'कर्ज'मधली धून धरली आहे, 'एक हसीना थी'च्या आधीची, १९८०ची. मूळ गिटार गोरख शर्मा यांची, प्यारेलाल यांचे भाऊ. त्या सिनेमात नायकाला ही धून वाजवताना मागचा जन्म आठवतो. मामा नाटकाच्या मध्यंतरात ती वाजवायचा तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. सिनेमातल्या गिटारपेक्षा त्याच्या स्टील गिटारवर ती जास्त रडवेली वाटायची.

पहिला लांब सूर महिनाभर कच्चा, खरखरत येत होता. मी बार दोन पडद्यांच्या मध्ये ठेवत होते, साध्या गिटारवर बोट ठेवतात तसा. आज मेणबत्ती गिटारच्या पलीकडे होती, पडद्याच्या पट्टीची बारीक सावली पडली होती. बार बरोबर त्या पट्टीच्या वर आणला, मागची दोन बोटं तारांवर आडवी टेकवली, आणि ती खरखर एकदम गेली. खालून सरकत आले आणि सूर असा लागला की गिटारची पाठ मांडीला थरथरली.

लगेच मामाला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि वाजवलं. पलीकडून नुसता कौलांवरचा पाऊस ऐकू येत होता. मला वाटलं फोन कटला.

'सूर लागला,' मामा म्हणाला. 'पण बार लवकर उचलतेस. तो विझेपर्यंत थांब.'

मी थांबले, पुन्हा वाजवलं.

'परत.'